साडेचारशेचा कॉल

ऑनलाइन पोकरचा डाव. माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि बदामचा राजा. बोर्डवर, म्हणजे टेबलाच्या मध्ये सगळ्यांसाठी सामाईक, चार पानं उघडी: इस्पिकचा राजा, चौकटची नव्वी, इस्पिकची चव्वी आणि नुकतीच पडलेली चौकटची सत्ती. मी शंभर रुपये लावले आणि समोरच्याने त्याच्याकडे होते नव्हते ते सगळे, म्हणजे 550 रुपये, मध्ये ढकलले. कॉल करायचा, म्हणजे त्याच्याएवढे लावून डावात राहायचं, तर मला अजून 450 टाकावे लागणार होते. विचाराला वीस सेकंद, ती संपली की टाइम बँकेतली, म्हणजे राखीव वेळेतली, तीस.

ही गोष्ट पैशांचा ऑनलाइन पोकर आपल्याकडे चालू होता तेव्हाची. टेबल 5/10 चं, म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांनी सक्तीने लावायचे पैसे: स्मॉल ब्लाइंड पाच रुपये आणि बिग ब्लाइंड दहा. हजार रुपये घेऊन बसायचं. पोकरच्या जगात ही अगदी खालची पायरी. पण मुलुंडला राहून रोज लोकलने फोर्टपर्यंत जाणाऱ्या माझ्यासारख्या नोकरदार बाईला साडेचारशे रुपये काही अगदीच कचरा नसतात. आणि निर्णय म्हणून त्याची जी अंगं आहेत, ती पाच लाखांच्या पॉटमध्येही (पॉट म्हणजे डावात मध्ये जमलेले पैसे) तीच असतात. म्हणून हा एकच डाव मी सविस्तर लिहितेय. ऑल-इनसमोर, म्हणजे समोरच्याने आपले सगळे पैसे लावल्यावर, कॉल करायचा की पानं टाकून द्यायची, हे ठरवताना डोक्यात नेमकं काय काय चालतं, ते मला या डावात पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

पत्ते आमच्या घरात नवे नाहीत. गणपतीत जागरणाला बसलं की मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, आणि मोठी माणसं झोपली की तीन पत्ती. पोकर मला मावसभावाने शिकवला. तो गिरगावला राहतो, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. तीन पत्तीत ब्लाइंड खेळायची हिंमत लागते, पोकरमध्ये मोजायला लागतं, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी अडकले. माझं ऑफिसमधलं काम विम्याचे दावे तपासायचं आहे. समोर कागद असतात, माणूस नसतो, आणि ठरवायचं असतं की खरोखर नुकसान झालेले किती लोक असा दावा अशा पद्धतीने करतील. पोकर माझ्या आवडीचा झाला तो बहुतेक त्यामुळेच.

पैशांची शिस्त आधीपासून ठरलेली. घरखर्चाच्या खात्यातून एक रुपया नाही, महिन्याची एक छोटी रक्कम वेगळी, ती संपली की त्या महिन्यात पोकर बंद. नवऱ्याला सगळं माहीत होतं. हे सांगायचं कारण असं की निर्णयाची सुरुवात इथून होते. हरले तर दुधाचं बिल अडेल अशा पैशाने जो बसलाय, त्याच्याकडून कॉलचा योग्य निर्णय होऊच शकत नाही. तो गणित करत नाही, भीती मोजतो.

आता डाव पहिल्यापासून. आम्ही सहा जण होतो. माझ्यापर्यंत सगळ्यांनी पानं टाकली होती. एक्का-राजा आल्यावर मी तीस रुपये केले. बटणवाल्याने (वाटणाऱ्याच्या जागेवरच्या माणसाने) आणि स्मॉल ब्लाइंडने टाकली, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट 65 रुपये. फ्लॉपवर, म्हणजे एकदम उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, राजा, नव्वी, चव्वी. त्याने चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, मी चाळीस लावले, त्याने कॉल केला. पॉट 145. टर्नवर, म्हणजे चौथ्या पानाला, सत्ती. त्याने पुन्हा चेक केलं, मी शंभर लावले, आणि मग तो ऑल-इन आला.

आधी मी फक्त पॉट मोजला. 145 आधीचे, माझे 100, त्याचे 550, मिळून 795. मला घालायचेत 450. कॉल केला तर एकूण पॉट होईल 1245. साडेचारशे भागिले साधारण साडेबाराशे, म्हणजे 36 टक्के. शंभरातल्या 36 वेळा मी जिंकणार असेन तर कॉल बरोबरीत सुटतो, त्याच्या वर फायद्याचा, खाली तोट्याचा. यालाच पॉट ऑड्स म्हणतात. हे गणित टेबलावर बसून करत राहायचं नसतं, काही ठरलेले आकडे तोंडपाठ असावे लागतात. समोरच्याने पॉटच्या निम्मं लावलं तर 25 टक्के लागतात, पॉटएवढं लावलं तर 33, पॉटच्या दुप्पट लावलं तर 40. मी हे पाढ्यांसारखं पाठ केलं होतं.

त्यात रेक धरायचा असतो. वेबसाइट प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापून घेते. आमच्या टेबलावर तो पाच टक्के होता. 1245 चे पाच टक्के म्हणजे 62 रुपये, ते गेले की जिंकणाऱ्याच्या हातात 1183 पडणार. म्हणजे मला लागणार 38 टक्के. दोन टक्क्यांचा हा फरक किरकोळ वाटतो, पण कमी पैशांच्या टेबलावर वर्षभर खेळणाऱ्याला तोच खातो. त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून जमा केलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी सुरू झाला होता आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस त्याच्या आधीपासून होताच. या टेबलांवरून बहुतेक माणसं हरून उठायची, हे मी डोळे उघडे ठेवून मान्य करूनच बसत होते.

तर 38. आता प्रश्न असा की माझे खरे टक्के किती?

माझ्याकडे राजाची जोडी, सोबत एक्का. एका जोडीचा याहून चांगला हात या बोर्डवर एकच, दोन एक्क्यांचा. नवखा माणूस इथे डोळे मिटून कॉल दाबतो. मीही दाबला असता. "एवढं चांगलं पान आलंय, आता कसं सोडायचं" हे वाक्य मनात येतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं: "170 रुपये आधीच घातलेत." तीस, चाळीस आणि शंभर. पण ते 170 आता माझे नव्हतेच, ते पॉटचे झाले होते. पॉट मोजताना ते मी एकदा धरले. पुन्हा माझं नुकसान म्हणून धरले असते तर एकच रक्कम दोनदा मोजली गेली असती. हे कळणं सोपं आहे. स्क्रीनवरचा वेळेचा पट्टा हिरव्याचा पिवळा होत असताना त्यावर वागणं अवघड. त्यासाठी मी एक सवय लावून घेतली होती: ऑल-इन दिसला की माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचा. बोट बटणावर नसलं की डोकं चालतं.

मग कॉम्बो, म्हणजे त्याच्या हातात कुठली दोन पानं किती तऱ्हांनी असू शकतात ते, मोजायचे. बावन्न पानांतून दोन पानं घेण्याच्या 1326 तऱ्हा असतात. कुठलीही एक जोडी, समजा दोन नव्व्या, सहा तऱ्हांनी येऊ शकते. एक्का-राजासारखी दोन वेगळी पानं सोळा तऱ्हांनी, त्यातली चार एकाच रंगाची आणि बारा वेगवेगळ्या रंगांची. पण जी पानं बोर्डवर आहेत किंवा माझ्या हातात आहेत, ती त्याच्याकडे असू शकत नाहीत. त्यामुळे हे आकडे आटतात, आणि ते किती आटतात यावरच सगळं ठरतं.

मला हरवणारे हात आधी. एक नव्वी बोर्डवर आहे, उरल्या तीन, त्यातून दोन निवडायच्या म्हणजे तीनच तऱ्हा. सत्त्यांच्या तशाच तीन, चव्व्यांच्या तीन. हे झाले सेट, म्हणजे हातातली जोडी आणि बोर्डवर तसंच तिसरं पान, एकूण नऊ. दोन राजे किंवा दोन एक्के असते तर त्याने पहिल्याच फेरीत वाढवले असते, म्हणून ते सोडून दिले. मग दोन जोड्यांचे हात. राजे चार, एक बोर्डवर, एक माझ्याकडे, उरले दोन. राजा-नव्वीच्या तऱ्हा दोन गुणिले तीन, सहा. ढिला खेळणारा माणूस बिग ब्लाइंडमधून त्या सगळ्या खेळतो. राजा-सत्ती आणि राजा-चव्वी एकाच रंगाच्या असतील तरच खेळत असेल असं धरलं, तर त्या अनुक्रमे एक आणि दोन. नव्वी-सत्ती एकाच रंगाची, तीन. सगळे मिळून एकवीस.

या एकवीस हातांसमोर माझी अवस्था फार वाईट. सेटसमोर तर रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानाला, काहीही आलं तरी मी मेलेली. राजा-नव्वीसमोर फक्त तीन एक्के मला वाचवतात, न दिसलेल्या 44 पानांतले तीन, म्हणजे सात टक्केसुद्धा नाहीत. नव्वी-सत्तीसमोर थोडं बरं, कारण तिथे बोर्डवर दुसरी चव्वी आली तरी माझ्या राजाच्या आणि चव्वीच्या जोड्या त्याच्या जोड्यांवर चढतात. सरासरी काढली तर सातच्या आसपास टक्के.

आता मी ज्यांना हरवते ते. राजा-राणी: दोन राजे, चार राण्या, आठ तऱ्हा. राजा-गुलाम आठ. राजा-दश्शी आठ. झाले चोवीस. त्यांच्यातल्या बहुतेकांसमोर मी 93 टक्के जिंकते, कारण त्यांना नेमकी त्यांची तीन पानं लागतात. मग इस्पिकचे फ्लश ड्रॉ, म्हणजे चार इस्पिक झालेत आणि पाचवं आलं की फ्लश, आणि ज्यांच्यात पुढे सरळ, म्हणजे ओळीने पाच पानं, लागायची शक्यता किंवा एखादी जोडीही आहे: राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती, छक्की-पंजी असे दहाएक. त्यांच्यासमोर मी साधारण सत्तर टक्के. दोन्ही गट मिळून चौतीस हात, सरासरी 85 टक्के धरायला हरकत नाही.

इथे माझ्या इस्पिकच्या एक्क्याचं महत्त्व होतं. तो माझ्याऐवजी बाहेर असता तर एक्क्यासोबत दुसरं कुठलंही इस्पिक असे आणखी दहा हात त्याच्याकडे असू शकले असते. आणि फ्लश ड्रॉ घेऊन ऑल-इन जायची सगळ्यात जास्त खुमखुमी माणसाला कधी येते, तर हातात इस्पिकचा एक्का असताना. लागला तर आपलाच मोठा, हे माहीत असतं ना. ते दहाच्या दहा हात माझ्या एका पानाने पुसून टाकले होते. मोठं पान हातात आहे म्हणून बरं वाटत होतं, आणि तेच पान कॉलच्या विरोधात साक्ष देत होतं. पोकरचं मला सगळ्यात आवडणारं अंग हेच आहे. स्वतःच्या पानांवरून समोरच्याचीही पानं थोडीफार वाचता येतात.

खरं सांगायचं तर पन्नास सेकंदांत एवढं सगळं आकड्यानिशी होत नाही. "सेट नऊ, दोन जोड्या बारा, राजावाले चोवीस, ड्रॉ दहा, माझ्याकडे इस्पिकचा एक्का," इतकं झालं. बाकीचं नंतर वहीत. पण त्या पन्नास सेकंदांतला महत्त्वाचा प्रश्न या मोजणीच्या पुढचा होता.

एकवीस विरुद्ध चौतीस. असं पाहिलं तर कॉल उघड आहे. पण एकवीस हात असे आहेत की ते घेऊन तो जवळजवळ नेहमीच इथे ऑल-इन जाईल. चौतीस हात असे की ते घेऊन तो इथे काहीही करू शकतो. बहुतेक वेळा नुसता कॉल करेल, पुढचं पान बघेल. मग त्या चौतीसांतले किती धरायचे? नंतर वहीत मी उलटं गणित मांडलं: 38 टक्के भरायला मी ज्यांना हरवते असे किती हात त्याच्या ऑल-इनमध्ये असायला हवेत? उत्तर आलं चौदा. चौतीसांतले चौदा, म्हणजे शंभरातले एकेचाळीस. तो पाच वेळांतून दोन वेळा तरी असा हात घेऊन सगळं पुढे ढकलणारा माणूस असेल तर कॉल, नाहीतर फोल्ड, म्हणजे पानं टाकायची.

आणि याचं उत्तर पानांत नव्हतं. ते त्या माणसात होतं.

मी त्याला बराच वेळ बघत होते. कमी पैशांच्या टेबलावर लोक पानं टाकली की मोबाइल उचलतात, दुसरं टेबल उघडतात. मी एकाच टेबलावर बसायचे आणि मी नसलेले डावही शेवटपर्यंत बघायचे. मावसभाऊ मला म्हणायचा, "ताई, तू टीव्ही बघितल्यासारखी बघतेस." पण शेवटी पानं उघडी पडतात, त्याच्याइतकी फुकट माहिती दुसरी नाही. या माणसाकडे 620 रुपये होते आणि हजार पुरे करण्यासाठी तो पैसे वाढवत नव्हता. सराईत माणूस स्टॅक, म्हणजे टेबलावरचे आपले पैसे, कमी झाला की लगेच भरतो. म्हणजे हा हौशी. हौशी माणूस ढिला असतो, त्यामुळे एक पाय कॉलकडे.

पण त्याचे उघडे पडलेले हात वेगळं सांगत होते. एका डावात त्याच्याकडे राजा-गुलाम होतं, बोर्डवर राजाच सगळ्यात मोठा, आणि त्याने तिन्ही फेऱ्या फक्त चेक आणि कॉल केलं होतं. दुसऱ्या एका डावात बदामचा फ्लश ड्रॉ घेऊन तो गपचूप कॉल करत गेला, रिव्हरला लागल्यावर मग लावले. आणि एकदा टर्नवर त्याने असाच मोठा रेज केला होता, म्हणजे पैसे वाढवले होते. समोरच्याने पानं टाकल्यावर त्याने स्वतःहून आपली दाखवली: दोन जोड्या. तीन डावांवरून माणूस ओळखता येतो असा माझा दावा नाही. पण तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. हा माणूस जोडी असेल तर कॉल करतो, ड्रॉ असेल तर कॉल करतो, आणि पैसे वाढवतो ते जोडीच्या वरचं काही हातात असेल तेव्हा.

यात एक गोष्ट मिसळू द्यायची नसते, ती म्हणजे अपमान. "हा मला ब्लफ करतोय का?" हा विचार आला की अंग तापतं, आणि मग कॉल करायची कारणं आपोआप सापडायला लागतात. मला तो विचार आला. मी मनात त्याच्या उत्तरात आकडा मागितला: ब्लफ करत असेल, तर कुठल्या हाताने? टी-ट्वेंटीसारखं सगळं उधळून खेळणारा माणूस असता तर मी दहा हात सांगितले असते. याच्यासाठी मला एकसुद्धा खात्रीने सांगता येईना. माझ्या अंदाजाने तो चौतीसांतले पाव हात असे खेळत असेल. पाव म्हणजे आठ किंवा नऊ. हवे होते चौदा.

टाइम बँकेत थोडी सेकंदं शिल्लक असताना मी फोल्ड दाबलं.

पॉट त्याच्याकडे सरकला. त्याने या वेळी पानं दाखवली नाहीत. पुढचा डाव वाटला गेला आणि त्यात मला काहीतरी बिनकामाचं आलं. मी त्याच्या नावापुढच्या नोटमध्ये लिहिलं: "टर्नला चेक करून ऑल-इन. दाखवलं नाही." एवढंच. "दोन जोड्या असणारच" असं लिहायचा मोह होता, पण जे पाहिलं नाही ते नोटमध्ये लिहिलं की पुढच्या वेळी तेच पुरावा वाटायला लागतं. ऑफिसात फाइलवर शेरा मारतानाही मी हेच पाळते.

त्या रविवारी मावसभाऊ घरी आला. मी वही पुढे ठेवली. त्याने पॉट तपासला, कॉम्बो तपासले, राजा-चव्वीच्या दोन तऱ्हा बरोबर आहेत का ते बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाला, "ताई, हा कॉलच होता गं."

"कसा काय?"

"त्याच्याकडे बासष्ट बिग ब्लाइंडएवढेच पैसे होते. हौशी माणूस पैसे न भरता बसलाय म्हणजे त्याला उठायचंय. उठायला निघालेला माणूस राजा-राणीने पण जातो. तू पाव धरलंस, मी अर्धे धरेन. चौतीसचे अर्धे सतरा. चौदाच्या वर."

"आणि मी पाहिलेले तीन डाव?"

"तेव्हा त्याच्याकडे किती पैसे होते?"

हा प्रश्न मला लागला, कारण तो योग्य होता. राजा-गुलाम घेऊन त्याने नुसते कॉल केले होते तेव्हा त्याच्याकडे हजाराच्या जवळपास होते. बासष्ट ब्लाइंड राहिल्यावर माणूस वेगळा वागू शकतो. शंभर ब्लाइंड असताना राजा-राणीला जपणारा माणूस, पैसे निम्म्यावर आल्यावर "जाऊ दे, होऊ दे" म्हणतो. हे मी ऑफिसातही पाहिलंय, पगार व्हायच्या आधीच्या आठवड्यातली माणसं आणि नंतरच्या आठवड्यातली माणसं सारखी नसतात.

मग आम्ही दोघांच्या अंदाजाचे रुपये काढले. पाव धरलं तर माझे टक्के येतात तीसला जरा कमी. 1183 चे तीस टक्के म्हणजे 350 च्या आसपास, आणि घालायचे 450. म्हणजे माझा अंदाज बरोबर असेल तर कॉलने सरासरी शंभर रुपयांचं नुकसान. अर्धे धरलं तर 42 टक्के येतात, 1183 चे 42 टक्के म्हणजे 497, कॉलचा फायदा सरासरी 47 रुपये. म्हणजे तो बरोबर असताना मी फोल्ड केलं तर मी 47 रुपये सोडले, आणि मी बरोबर असताना कॉल केला असता तर शंभर गेले असते. दोघांपैकी कोण बरोबर हे सांगता येत नसताना, आणि दोघांचीही बाजू सारखीच वजनदार असताना, फोल्ड जरा स्वस्त पडतो. हे मांडल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण पंचेचाळीस टक्के धरलं तर?" आम्ही तेही काढलं. पंधरा हात, कॉल बरोबरीच्या जरासा वर, रुपया-दोन रुपये नाही तर पंधरा-वीस रुपयांचा प्रश्न. जेवायला हाक आली तरी आमचं चालूच होतं.

मला वाटतं या खेळाबद्दल बाहेर बोललं जातं ते चुकीच्या जागी बोट ठेवून. कोणी म्हणतं निव्वळ नशीब, कोणी म्हणतं निव्वळ गणित. आम्ही वहीत केलेलं गणित सातवीच्या मुलाला जमेल. नशीब तर कॉल केल्यानंतर रिव्हरला येतं, निर्णयाच्या वेळी नाही. कठीण जागा त्या दोघांच्या मधली आहे: पाव की अर्धे. एक अनोळखी माणूस, ज्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, तो अडचणीत असताना काय करतो याचा अंदाज. त्यात कौशल्य आहेच, आणि ते बघत राहण्याने येतं. कौशल्याचा खेळ की जुगार हा वाद आपल्या कायद्यात किती जुना आहे! मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा, आणि त्यातही कौशल्याच्या खेळांना वगळलेलं आहे.

तो वाद पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता संसदेने मिटवून टाकला. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायला बंदी आली. आमची टेबलं बंद झाली. माझ्या खात्यात होते तेवढे पैसे मी काढून घेतले. माझ्या ओळखीत एका घरात या खेळांपायी कर्ज झालं होतं, त्या घराला या कायद्याने सुटल्यासारखं वाटलं, आणि मला ते पूर्ण पटतं. माझ्या महिन्याच्या ठरलेल्या रकमेपेक्षा त्या घराची झोप मोठी आहे.

आता फुकटच्या चिप्सवर खेळता येतं. मी काही दिवस खेळून पाहिलं आणि लक्षात आलं की तिथे माझी मोजणी चालतच नाही. पॉट ऑड्स तेच, कॉम्बो तेच, पण पाव की अर्धे हा प्रश्नच उरत नाही. चिप्स संपल्या की पुन्हा मिळतात, त्यामुळे माणसं कुठल्याही दोन पानांवर ऑल-इन जातात, आणि त्यांना कॉल करणारीही तशीच. समोरच्याला गमावण्यासारखं काही नसेल तर त्याच्या पैसे लावण्याला अर्थ राहत नाही, मग त्यातून वाचायचं काय?

म्हणून आम्ही घरातले सहा-सात जण गिरगावात मावशीकडे जमतो आणि चिंचोक्यांवर खेळतो. प्रत्येकाला शंभर चिंचोके, संपले की पुन्हा मिळत नाहीत. संपलेल्याने उठायचं, उरलेल्यांना चहा करून द्यायचा आणि रात्रभर नुसतं बघत बसायचं. हा नियम मावसभावाने काढला. पहिल्या दिवशी मामेबहिणीने तीन पत्तीच्या सवयीने न बघताच सगळे चिंचोके पुढे ढकलले आणि साडेनऊला स्वयंपाकघरात गेली. पुढच्या खेपेला ती राजाची जोडी घेऊन दोन फेऱ्या चेक करत राहिली, टर्नला मी निम्म्या पॉटएवढे लावल्यावर तिने पानं खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवत मोजायला लागली. 25 टक्के लागतात हे तिला पाठ झालं होतं. पुढचं, म्हणजे मी अशा वेळी काय काय घेऊन लावते, ते ती तेव्हा मोजत होती, आणि मावसभाऊ तिला घाई करू नकोस म्हणून सांगत होता.